मुठीतली शिट्टी

शनिवार पेठ, पुणे

चि. कल्याणी हिस रामदासमामाचे भरघोस आशीर्वाद. तुझी प्रकृती, तुझ्या आईचे गुडघे आणि विश्रांतवाडीचं पाणी ही तिन्ही व्यवस्थित असतील असं धरून चालतो. (फोन करता आला असता, पण हल्ली फोनवर तुम्ही सगळे पुटपुटता.)

आधी या हातांनी काय केलंय ते वाच, म्हणजे पुढचं वाचताना मत बिघडणार नाही. गिटारच्या तुटक्या तारेची, कानाच्या मशीनमधला मळ काढायची सुई. बिस्किटाचा डबा आणि झिरोचा बल्ब यांची मशीन सुकवायची पेटी. जुन्या स्टेथोस्कोपचं, मशीनचा आवाज तपासायचं यंत्र. आणि दुरुस्त मशीन दोन हजार तीनशे अकरा. हे सगळं पदवीशिवाय. (तुला कान तपासायच्या पदवीला पाच वर्षं लागली, मी काही म्हणत नाही.)

तर धायरीच्या वेणूबाई. त्यांचं मशीन गेल्या महिन्यात आलं, तक्रार एकच : शिट्टी वाजते. शिट्टी का वाजते हे तुला ठाऊक आहे, तरी सांगतो, कारण तुम्हाला ते पुस्तकातून कळलेलं असतं. माइक आवाज घेतो, चिप तो कानाला कमी पडतो तिथेच वाढवते, आणि मुगाएवढा स्पीकर तो नळीतून कानात सोडतो. कानात बसणारा साचा सैल असला किंवा नळीला चीर गेली की तोच आवाज बाहेर येऊन परत माइकात शिरतो, पुन्हा वाढतो, पुन्हा शिरतो. झाली शिट्टी. मी मशीन उघडलं, सुकवलं, माइक बदलला, ऐकलं. शिट्टी नाही. दिलं.

आठ दिवसांनी परत. "भाऊ, मला तर काय बी ऐकू येत न्हाई, पर सून म्हनती वाजतंय." मी पुन्हा ऐकलं. शिट्टी नाही. सुनेचे भास, असं मनात म्हणालो. (मोठ्याने म्हणालो असंही बजरंग सांगतो, तो शेजारचा घड्याळवाला, त्याचं मनावर घेऊ नये.)

तिसऱ्या खेपेला सून स्वतः आली. अपेक्षा नाव, आयटीत आहे. मी नेहमीच्या पद्धतीने मशीन मुठीत धरलं. (मुठीत शिट्टी वाजली तर बॅटरी जिवंत, नाही तर मेलेली; तीस वर्षं मी याच पद्धतीवर चालतो.) काहीच वाजलं नाही. "बॅटरी गेलीय," मी म्हणालो. हल्ली बॅटऱ्या फारच भिकार येतात. या वर्षात नवी कोरी सात पाकिटं मी मेलेली म्हणून परत पाठवली आणि व्यापाऱ्याला दोन खरमरीत पत्रं लिहिली. अपेक्षा माझ्या मुठीकडे बघतच राहिली. तेवढ्यात बजरंग पलीकडून ओरडला, "रामदासराव, ती शिट्टी थांबवा, नाहीतर गाड्या थांबतील!"

अपेक्षाने मोबाईल काउंटरवर ठेवला. पडद्यावर आवाजाचा आलेख. मूठ मिटली की उंच सुळका, उघडली की सपाट. मी सहा वेळा मिटली, सहा वेळा उघडली. वेणूबाई माझ्याकडे बघून प्रेमाने हसल्या. "भाऊबी आपल्यातलंच हायेत की," म्हणाल्या.

मग भिंग लावून नळी पाहिली. वाकते तिथे केसाएवढी चीर होती. नवी नळी, दोन मिनिटांचं काम. पैसे घेतले नाहीत. बजरंगला ऐकायला बसवलं, म्हणाला, गेली. त्याच्या शब्दावर मशीन दिलं. तीस वर्षांत प्रथमच दुसऱ्याच्या कानावर.

असो. बाकी मजेत. आईला नमस्कार.

तुझा,
रामदासमामा

ता. क. १ : रविवारी तुझं क्लिनिक बंद असतं ना? सकाळी नऊला मागच्या दाराने येतो. तुझ्या त्या काचेच्या खोलीत बसव आणि कान तपास. कागदावर नाव दत्तोबा लिही. जे निघेल ते स्पष्ट सांग, पण तोंडाकडे बघता येईल असं बसून सांग.

ता. क. २ : मशीन लागणार असेल तर साचा माझा मी करीन. तू फक्त माप घे.

ता. क. ३ : त्या नव्या कंपनीची नोकरी मी स्वाभिमानापोटी नाकारली, असं तुझ्या आईला सांगितलंय. ते तसंच राहू दे. त्यांची अट एकच होती, रुजू होण्याआधी कानांची तपासणी. पगार दरमहा बेचाळीस हजार पाचशे.