एका दिवसाचं अंतर

माझ्या हट्टी बाबा,

आज आईच्या हृदयाची थॅलियम टेस्ट झाली. आत्ता ती पंख्याखाली आडवी झाली आहे. तुमचा जावई विवेक गोलूला घेऊन बीरगांवला आपल्या बहिणीकडे गेला आहे. तात्यापाऱ्यातल्या आपल्या घरात आज आम्ही दोघीच, त्यामुळे तुमच्याशी भांडायला मला बरी सवड मिळाली.

हो, भांडायलाच! तुम्ही काय केलं होतंत, ते परवा कळलं मला.

सातव्या महिन्यात मी बाळंतपणाला माहेरी आले, तेव्हाची गोष्ट. जिना चढताना तुमच्या छातीत दाटून यायचं आणि डॉक्टरांनी हीच टेस्ट सांगितली होती. उपाशीपोटी आईला घेऊन गेलात आणि जेवणाच्या आधीच गरम जिलेबी घेऊन परत! "मशीन बिघडली म्हणते बेटा. नंतर या म्हणाले." मी लगेच विश्वास ठेवला. तुम्ही आणि खोटं बोलाल, असं माझ्या मनात तरी येणार होतं का?

मग गोलू झाला, त्याचं बारसं झालं. मी टेस्टचं विचारलं की तुमचं ठरलेलं उत्तर, "हव, जाऊ ना." तो दोन महिन्यांचा असताना एका सकाळी रोलिंग मिलला जायला बूट घालता घालता तुम्ही खाली बसलात, ते उठलाच नाहीत.

आता आईलाही चालताना धाप लागते. पण टेस्टचं नाव काढलं की ती विषय बदलायची. परवा मी फारच मागे लागले, तर चिडून म्हणाली, "मी नाही जाऊन राहिली. पोट्टा माझ्याबिगर झोपत नाही. तुझ्या बाबांनी तुझ्यापायी नाही केली, मी याच्यापायी नाही करत."

"माझ्यापायी? मशीन बिघडली होती ना!"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मशीन ठणठणीत होती. इंजेक्शन देण्याआधी सिस्टरने विचारलं, "घर में कोई प्रेग्नेंट है क्या?" तुम्ही म्हणालात, "बेटी मायके आई है." ती म्हणाली, "इस दवा से किरणें निकलती हैं, तो आज का दिन उससे दूर रहना, छोटे बच्चों से भी." आणि तुम्ही वर केलेली बाही सरळ खाली केलीत. "पोट्टी मायेरी आली अन् मी तिच्यापासून लांब राहू काय? मले नाही जमत." आईला शपथ घातलीत आणि वाटेत जिलेबी घेतलीत.

एक दिवस, बाबा! मला सांगितलं असतं तर मी पंडरीला मावशीकडे गेले नसते का? तिच्याबरोबर साड्या बघत दिवस आरामात गेला असता. जन्मभर तापलेल्या लोखंडासमोर उभे राहिलात आणि सिरिंजमधल्या एवढ्याशा थॅलियम धातूला घाबरलात! स्वतःसाठी नाही, माझ्यासाठी, हे कळतं मला. तरी राग येतोच.

आज सगळं जवळून पाहिलं, म्हणून सांगते. म्हणायला थॅलियम, पण आता बहुतेक टेक्नेशियम देतात. तोही धातूच, किरण सोडणारा. शिशाच्या जाड डब्यातून सिरिंज आली, आईच्या हाताच्या शिरेत टोचली, झालं! तो रक्ताबरोबर हृदयाच्या स्नायूंत जातो. जिथे रक्त नीट पोचतं तिथे कॅमेऱ्याला ठळक दिसतो, जिथे कमी पोचतं तिथे फिका. आई हात डोक्यावर घेऊन पडून होती आणि कॅमेरा तिच्या छातीभोवती सावकाश फिरत होता.

टेस्टसाठी कालपासून चहा बंद, म्हणून ती सगळ्यांवर करवादत होती. त्यात इंजेक्शननंतर, चित्र स्पष्ट यावं म्हणून, तिला दूध आणि लोणी लावलेला ब्रेड खायला सांगितला. "इतके दिवस तूप बंद केलं यायनं, अन् आता लोणी खा म्हणून राहिले!" तुम्ही असता तर अर्धा ब्रेड नक्की पळवला असता.

डॉक्टरांनी पडद्यावर चित्रं दाखवली. केशरी-पिवळी कडी, आणि पट्ट्यावर चालवल्यानंतरच्या चित्रांत त्यांची एक बाजू निळसर. श्रम झाले की तिथे रक्त कमी पडतं, विश्रांती मिळाली की पुन्हा पोचतं. म्हणजे तो भाग जिवंत आहे. "अच्छा हुआ, टाइम पर आ गए," डॉक्टर म्हणाले. आता अँजिओग्राफी करायची आहे. वेळेत आलो हे ऐकून आईला हायसं वाटलं आणि मी मात्र बाहेर येऊन रडले. तुमचंही असंच वेळेत दिसलं असतं ना हो?

संध्याकाळी गोलूने व्हिडिओ कॉलवर आजीला पाहून भोकाड पसरलं. "उद्या येशील ना राजा," म्हणत आई त्याला समजावत राहिली. थोड्या वेळाने पाहते तर तो आत्याच्या मांजरीमागे पळत होता. लेकरं राहतात बाबा! मीही राहिले असते.

आईचं ते "तुझ्यापायी" मात्र परवापासून डोक्यातून जात नाही. मी तेव्हा आलेच नसते तर? पुन्हा पुन्हा तेच मनात येतं. मला असं वाटत राहू नये, म्हणूनच आईला शपथ घातली होतीत ना? एवढं कळल्यावर तुमच्यावर रागावायचं तरी कसं?

अँजिओग्राफीला आईला मी घेऊन जाणार, तिने कितीही सबबी सांगितल्या तरी. आणि गोलू मोठा झाल्यावर आजोबा कशाने गेले विचारील, तेव्हा सांगेन, हृदयाचा आजार होता. आमच्या दोघांसाठी तुम्ही काय टाळलंत, ते त्याला माझ्या तोंडून कधीही कळणार नाही, हे वचन देते. दोन महिने तो तुमच्या मांडीवर निर्धास्त झोपला. आजोबांचं तेवढंच त्याच्यापाशी राहू दे.

तुमची, अजून थोडी रागावलेली,
मंजू