न ऐकता दहापैकी दहा

ती. ल्युसीलताई,

धाकट्या नॉर्मनचा वाकून नमस्कार. या खेपेला नेहमीपेक्षा जरा जास्तच वाकलोय, कारण मान वर करायला जागा राहिलेली नाही. तुझा गुडघा काय म्हणतो? जिना चढू नकोस असं डॉक्टरांनी बजावलंय आणि तू चढतच असणार, हे मला इथे व्हर्माँटमध्ये बसून दिसतंय. भावोजींचा खोकला थांबला का? आम्ही सगळे खुशाल आहोत (सगळे म्हणजे बायको आणि मांजर, मी नाही). फोनच करणार होतो, पण असलं काही सांगताना पलीकडून तुझं हसू ऐकायची माझी छाती नाही.

तुला माहीतच आहे, सातवीच्या फ्रेंचच्या वर्गासाठी मी दोन पानी नियम काढलेत आणि पालकांची सही आल्याशिवाय कुणाला बाकावर टेकू देत नाही. जितके दिवस शाळा बुडवली तितके दिवस अधिक एक, एवढ्या मुदतीत बुडालेला अभ्यास भरून द्यायचा. त्यापुढे रोज एक गुण कापला. कुत्र्याने वही खाल्ली, आईला ताप आला, गाय व्यायली, काही ऐकून घेणार नाही. (गाय व्यायल्याचं एकदा ऐकून घेतलं होतं, पण ती गाय मुख्याध्यापिकाबाईंच्या भावाची होती.) वर्गात बोलायचे गुण बुडाले तर घरी फोनमध्ये फ्रेंच बोलून रेकॉर्ड करायचं आणि तो आवाज शाळेच्या संगणकावर पाठवायचा. आणि नियम सातवा, ठळक अक्षरात: पाठवलेलं प्रत्येक काम शिक्षक स्वतः लक्षपूर्वक ऐकतील.

ताई, मी ऐकत नाही. लिहितानासुद्धा कान तापलेत, पण खरं आहे ते आहे. पहिली काही वर्षं ऐकायचो. पण शंभर पोरं एकामागून एक ‘माझं नाव अमुक, मला पिझ्झा आवडतो’ म्हणायला लागली की माणूस किती ऐकेल? त्यात संगणकात तयार शेरे असतात, टिचकी मारली की जाऊन चिकटतात. मग एका रविवारी नुसत्याच टिचक्या मारल्या. कुणाची तक्रार आली नाही. दहापैकी दहा मिळाल्यावर तक्रार करायला कोण येतंय! चार वर्षं हेच चाललंय, आणि शिस्तीचा मास्तर म्हणून गावात माझं नाव आहे.

आता टेसा गोयेटचं सांगतो. मागच्या बाकावरची, शब्दाला महाग पोर. तिच्या आजोबाला, म्हणजे आपल्या ओव्हिला गोयेटला (ज्याच्याकडून तू दरवर्षी मेपलचा पाक मागवतेस आणि दरवर्षी महाग म्हणतेस), अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण इंग्रजी गेलं. उरलं ते लहानपणीचं, आपल्या वाडवडलांनी सरहद्दीपलीकडून आणलेलं गावठी फ्रेंच, तेही बोबडं. आणि घरात ते कुणाला येतंय? पोरं शाळेत मागे पडू नयेत म्हणून आपल्या आईने घरातलं फ्रेंच बंद केलं, तसंच ओव्हिलाच्या बायकोनेही केलं होतं. तेव्हा अख्ख्या घराची दुभाषी कोण, तर सातवीतली टेसा. तिला काय येतं? माझं नाव टेसा, मला पिझ्झा आवडतो. बिचारीने इस्पितळात बसून बारा दिवस शाळा बुडवली आणि बुडालेली नऊच्या नऊ कामं मुदतीत पाठवली. मी नऊही कामांना दहा-दहा दिले.

सोमवारी ती परत आली. मला काय अवदसा आठवली देव जाणे, मी तिला वर्गापुढे उभं केलं. ‘‘बघा रे, शिका काही हिच्याकडून! घरात आजारपण, तरी एक काम चुकलं नाही!’’

ती हळूच म्हणाली, ‘‘मग सर, पेपेरला काय हवंय?’’ (आजोबाला ही पोरं अजून पेपेरच म्हणतात.)

‘‘कुणाला?’’

‘‘पेपेरला. चौथ्या कामात त्यांचा आवाज घातलाय ना. तुम्ही दहा दिलेत.’’

‘‘अरे, म्हाताऱ्याला दहा मिळाले!’’ मागून एक कार्टं ओरडलं, आणि वर्ग जो हसला! मी आपला ‘‘हो हो, ऐकलंय, मधल्या सुट्टीत बोलू’’ म्हणून फळ्याकडे वळलो.

सुट्टी होताच दार लावून ऐकायला बसलो. पहिल्यात, मी इस्पितळात आहे, माझा कोट हिरवा आहे. तिसऱ्यात पोर मध्येच रडते. माझा शेरा, ‘उत्साह वाखाणण्याजोगा.’ चौथं काम होतं घरातल्या माणसाची मुलाखत. ती फ्रेंचमध्ये विचारते, पेपेर, तुम्हाला काय हवंय? म्हातारा एकच वाक्य तीनदा म्हणतो. मग ती इंग्रजीत, ‘‘सर, रोज हेच म्हणतात, आम्हाला कळत नाही, प्लीज सांगा ना.’’ आणि त्याखाली माझा शेरा काय होता माहितीये? ‘पाहुण्यांचे उच्चार अधिक स्पष्ट हवेत.’ अगं, ब्याऐंशी वर्षांचा माणूस, अर्धं तोंड वाकडं झालेलं! धरणी दुभंगेल तर बरं असं पुस्तकात वाचलं होतं, त्या दिवशी खरोखर पायाखाली बघितलं. पाचव्यापासून नवव्यापर्यंत प्रत्येक कामाच्या शेवटी तिचा एकच प्रश्न, ‘‘सर, चौथं ऐकलंत का?’’ दहा. दहा. दहा. दहा. दहा.

मी तिची माफी मागितली. ‘‘असू दे सर,’’ म्हणाली. चिडली असती, बापाला घेऊन आली असती तर बरं झालं असतं. आता रोज पाचपर्यंत शाळेत बसून एकेकाचं ऐकतो. मला माझीच लाज वाटते, ताई. भावोजींना हे पत्र दाखवू नकोस.

तुझा,
नॉर्मन

ता. क. लिफाफ्यात पेनड्राइव्ह आहे. नातवाला लावून द्यायला सांग आणि चौथं ऐक. मी अकरा वेळा ऐकलं आणि मला कळलं नाही. अठरा वर्षं फ्रेंच शिकवतोय आणि आपल्याच गावचा माणूस काय म्हणतो ते मला कळत नाही. तू माझ्याहून बारा वर्षांनी मोठी, तुझ्या वेळी घरात ते बोलणं होतं. माझं सगळं पुस्तकातलं. गावात ते बोलणारे आता दोनच म्हातारे उरलेत. एक ठार बहिरा, आणि दुसरा रोझेर, ज्याने मेपलच्या झाडांच्या हद्दीवरून तीस वर्षं ओव्हिलाचं नावसुद्धा घेतलेलं नाही. मी गेलो होतो त्याच्याकडे. त्याने दार लावून घेतलं. तेव्हा काय कळेल ते लगेच फोनवर सांग.

आणखी ता. क. वर एक गोष्ट गाळली. त्या दिवशी माफी मागितली तेव्हा टेसा पेन्सिल घेऊन समोर उभी होती, ‘‘काय म्हणतात सर?’’ फ्रेंचच्या मास्तराने ‘मला कळलं नाही’ कसं म्हणायचं? मी सांगून टाकलं, ‘‘गोठा दिसावा म्हणून खाट खिडकीशी हवी आहे त्यांना.’’ म्हाताऱ्या माणसाला हवं असेल असं वाटलं. त्याच संध्याकाळी तिच्या बापाने आणि दोन काकांनी दार बिजागरीतून काढून खाट खिडकीशी नेली.

शेवटचा ता. क. लिफाफा चिकटवला होता, फोडून लिहितोय. आज सकाळी टेसा माझ्या टेबलावर चिठ्ठी ठेवून गेली. जशीच्या तशी उतरवतो: ‘सर, खाट हलवली. पेपेर अजून तेच म्हणतात, आता रडतातसुद्धा. मीच प्रश्न नीट विचारला नसेल. चौथं काम परत करून देऊ का? उशिराचे गुण कापले तरी चालतील.’