ताईच्या पेशी

पासली, १४ जुलै २०२४

चि. इंद्रजित यास ताईचे पोटभर आशीर्वाद.

तोंड आल्यानं तुला फोनवर बोलवत न्हाई, म्हणून लिहिते. लावणी उरकली, पण चित्त तिकडंच. तुझ्या रक्ताचा कॅन्सर कुठल्या कुळीचा, हेच आधी डॉक्टरांना ठरवता येईना. पेशींत दोन वेगळ्या जातींच्या खुणा. एक औषध सोडून दुसरं धरलं, तरी हटेना. मग माझा बोन मॅरो जुळला, तुला चढवला, तवा वाटलं, भावाला वाचवलं म्या. आता तुझी कारभारीण प्रेरणा सांगती, माझ्याच पेशी तुझ्या अंगाला परकं समजून खातायत, हातांची सालं निघतायत. म्या तुला इख दिलं का रे?

तुझी गुन्हेगार ताई,
सुलक्षणा

पुणे, २३ जुलै २०२४

ति. ताईस, पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

पुन्हा अशी सही केलीस तर पत्र पोलीसपाटलाकडं देईन. डॉक्टर म्हणाले, असं होतं, औषध चालू केलंय. त्याच पेशी उरलासुरला रोगही शोधून मारतील, अशी आशा आहे. मी म्हटलं, ताईच्याच त्या, तापट असणारच. प्रेरणा कितीतरी दिवसांनी हसली. पोरं, शेत टाकून तू इथं पुण्याच्या दवाखान्यात आलीस, सुया सोसल्यास. ओझं तर माझंच तुझ्यावर.

माया असू दे,
इंद्रजित

पासली, १० नोव्हेंबर २०२४

चि. इंद्रजित यास आशीर्वाद.

रिपोर्टात रोग दिसत न्हाई म्हणून प्रेरणाचा फोन आला. लई रडले. पण एक सांगते. गेल्या रविवारी म्या आंबवड्याला तुझ्या घरी आले व्हते. तू अंगणात लेकीची वेणी घालत बसला व्हतास. हात काळे, चट्ट्याचट्ट्यांचे. कुंपणापाशीच पाय अडले. हे म्या केलं, असंच वाटलं. तशीच एसटीनं माघारी फिरले. तुला तोंड कसं दावू?

सुलक्षणा

आंबवडे, १८ नोव्हेंबर २०२४

ति. ताईस नमस्कार.

मी तुला पाहिलं होतं. हाक मारली नाही. वाटलं, माझं हे रूप बघून घाबरलीस. म्हणून हात शिवानीच्या केसांत लपवले. तू वळलीस, आणि मी वेणी चुकवली.

परवा रक्त तपासलं. तुझ्या पेशींनी माझा रक्तगट बदललाय, आता तुझाच आहे. रोग पुन्हा उलटू शकतो, हेही डॉक्टरांनी सांगून ठेवलंय. तोवर किती दिवस आपण एकमेकांना लाजायचं?

शिवानीनंही तुला पाहिलं. आत्या दारातनं परत का गेली, म्हणून रोज विचारते. मला सांगता येत नाही. तू ये आणि सांग.

वाट बघणारा,
इंद्रजित