सुई टोचण्याआधी विचारलेलं नाव

सोम., १० फेब्रु. रोहा
उद्या सासूबाईंना पेणला न्यायचंय. डाव्या स्तनात गाठ आहे, त्यात सुई घालून तुकडा काढणार. डॉक्टर म्हणाले, दहा मिनिटांचं काम. दहा मिनिटांचं काम म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. हे म्हणतात, "तुला देवळातल्या पुजाऱ्याचाही संशय येतो." येतो.

मंगळ., ११
भिंतीवर भला मोठा बोर्ड: सुईआधी पेशंटने आपलं पूर्ण नाव स्वतः सांगावं. छान. पण सिस्टरच्या हातातल्या फॉर्मवर 'बरोबर'च्या खुणा आधीच झालेल्या! विचारलं तर म्हणाली, "ताई, नातेवाईक बाहेर." आत दोघींना एकदमच नेलं, सासूबाई आणि जिते गावची एक म्हातारी. तिचीही गाठ डावीकडेच. तिची मुलगी माझ्या शेजारी बाकावर नखं खात बसली होती.

मंगळ., १८
रिपोर्ट आला. साधी गाठ, काळजीचं कारण नाही. यांनी पेढे आणले. मला काही ते गोड लागले नाहीत. जित्याच्या म्हातारीची मुलगी काउंटरपाशी कागद हातात धरून नुसतीच उभी होती. विचारायचा धीर झाला नाही.

बुध., १९
भाकऱ्या थापताना सहज विचारलं, आत नाव कसं सांगितलंत?
"मी कशाला सांगू गो? तुझ्या सासऱ्याचं नाव घ्यायला लागलं असतं."
"मग?"
"तिनंच कागदावरचं वाचलं. मी व्हय म्हटलं."
"पण वाचलं कुणाचं?"
"नवऱ्याचं नाव आलं का मी ऐकत नाय. पदर ओढला नि मान हलवली. त्या जित्यावालीनं पण तसंच केलं."
म्हणजे कागद उलटसुलट झाले असतील तर...
भाकरी करपली. यांना सांगितलं तर म्हणाले, "चांगल्या कामाला नाट लावू नकोस." एवढा राग आला!

शुक्र., २१
एकटीच पेणला गेले. डॉक्टरांनी दोन्ही फॉर्म काढले, बराच वेळ बघितले. खुणा सगळ्या जागच्या जागी. मग म्हणाले, "सोमवारी दोघींचीही तपासणी परत करू." म्हणजे त्यांनाही शंका आहेच.
बाहेर जित्याच्या म्हातारीची मुलगी दिसली. तिच्या आईला कॅन्सर सांगितलाय, मुंबईला न्यायच्या तयारीत आहेत. मी सगळं सांगून टाकलं. लपवणं बरं नव्हतं. तिनं माझे दोन्ही हात घट्ट धरले. "ताई, तुमचा संशय खराच निघू दे."
जन्मात पहिल्यांदा वाटतंय, तो खोटा निघावा. तिच्या तोंडावर हे कसं बोलणार?