होल वाकडे का गेले

मी पंढरी गोविंद माळवदे, वय ७२, धंदा लेथवरचे टर्निंग, राहणार कोपरी, ठाणे पूर्व, कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. आधीचा मसुदा रद्द समजावा.

१. कोपरीचे घर व बँकेतील ठेवी पत्नी हौसाबाईच्या. यात वाद नाही.

२. वागळे इस्टेटमधला गाळा व लेथ मी धाकटा भाऊ पोपट यास देणार होतो. चौदा दिवसांपूर्वी तो मसुदा घरी वाचून दाखवला. पोपट म्हणाला, "दादा, गाळा मला नको. ते शाफ्ट व्हिक्टरने बिघडवले नव्हते."

शाफ्ट, म्हणजे यंत्राचे लोखंडी दांडे, १९९७ सालचे. बारा नग, प्रत्येकात आरपार दोन फूट होल. एवढे लांब ड्रिल नव्हते, म्हणून अर्धे एका टोकाकडून मारायचे, अर्धे दुसऱ्या. थोडे आत गेले की ड्रिल मागे घ्यायचे, चुरा काढायचा, तेल सोडायचे, पुन्हा आत. माझा कारागीर व्हिक्टर रिबेलो याची दोन्ही होले मधोमध अशी भेटत की बॅटरी मारूनही सांधा दिसत नसे. त्या बारा नगांत ती भेटली नाहीत. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "पिऊन मशीनवर उभा राहतोस." तो पीत नसे. त्याने एप्रन काढून ठेवला आणि गेला. पुढे इस्टेटीत त्याला कोणी लेथवर घेतले नाही. मोहने गावी एका शेडमध्ये लोखंडी गेटे जोडून त्याने दिवस काढले. तो हात, आणि गेटे.

पोपट म्हणाला, "आदल्या दिवशी निमुळता नग कातायला मी टेलस्टॉक बाजूला सरकवलेला. परत मध्यावर आणायचा राहिला."

ड्रिल धरणारा टेलस्टॉकच मध्यावर नसेल तर होल सरळ जाणार कसे? मध्य तपासायची डायल लावून पाहिली असती तर पाच मिनिटांत कळले असते. मालक मी होतो. मी लावली नाही.

दुसऱ्या दिवशी मोहन्याला गेलो. व्हिक्टरने खुर्ची दिली. मी उभाच राहिलो. तो म्हणाला, "मला तेव्हाच कळलेलं, तू ओरडायच्या आधी. पण पोपटचं लग्न चार दिवसांवर होतं. म्हटलं, आठवड्यात तुझा राग उतरेल, तू येशील."

मी अठ्ठावीस वर्षांनी गेलो.

३. माझी मोजमापाची हत्यारे पोपटला द्यावीत. त्याच्याशी अद्याप बोललेलो नाही. हौसाबाई म्हणते, बोला. जमेल की नाही ठाऊक नाही.

४. गाळा व लेथ मी आधी व्हिक्टरच्या नावे लिहिले होते. त्याने मान हलवली. "गाळा नको. साक्षीदार हवा असेल तर सही करतो."

वकील म्हणाले, "साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही."

"मग तर नक्कीच करतो," व्हिक्टर म्हणाला.

म्हणून गाळा व लेथ त्याची मुलगी ॲनेट, जी अंबरनाथला मशीनवर काम करते, हिला देत आहे. हे कलम त्याला वाचून दाखवले. त्याने पेन मागितले.

ठाणे, २३ नोव्हेंबर २०२५
सही: पंढरी गोविंद माळवदे

आमच्यासमोर सही झाली:
१. व्हिक्टर रिबेलो, मोहने
२. डॉ. रुचिता सामंत, कोपरी