डिकीत मावेना

चिमणे,

या गाडीने माझे अकरा रविवार, डाव्या अंगठ्याचं नख आणि तुझ्या आईशी चार दिवसांचा अबोला एवढं घेतलं. तुझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, दोनच सीट, आणि डिकी म्हणजे निव्वळ थट्टा. स्टेपनी ठेवली की जॅक बसत नाही, जॅक बसवला की पाण्याचा कॅन बाहेर. सकाळपासून तिसऱ्यांदा सगळं काढून पुन्हा भरतोय.

मघाशी तू दारात उभी राहून म्हणालीस, "बाबा, 'माझ्या हातची गाडी रस्त्यात थांबत नाही' असं तुम्ही गावभर सांगता. मग माझ्याबरोबर अख्खं गॅरेज कशाला पाठवताय?" तुझी आई हसली. मी उगाच पाना आपटला.

टॉर्च, फ्यूज, जम्पर केबल सगळं तुझ्या सीटमागे कोंबलंय. पाण्याचा कॅन शेजारच्या सीटवर ठेवलाय. तिथे मी बसून येणार होतो, पण नव्या नोकरीवर तुला एकटीनेच जायचंय. जादा फॅन बेल्ट सगळ्यात वर आहे. इंजिन तापलं की हट्ट न करता गाडी बाजूला घे. बेल्ट कसा बदलायचा ते संध्याकाळी दाखवीन, तेव्हा का म्हणून विचारू नकोस.

ही चिठ्ठी सामानात ठेवणार होतो, पण खिशातच राहू दे. काल गाडी चालवून बघायला नेली, तर फॅन बेल्ट तुटला आणि मी ती टोचन करून घरी आणली.

तुझा,
बाबा