जावयासाठी मिंट जुलेप

सोमवार, ६ मे. सकाळी ७.१०

पोरगी रविवारी येणार. बारा वाजता. नवऱ्याला घेऊन. लग्नानंतर पहिल्यांदाच.

फोन हिने घेतला. मी तिथेच पेपर वाचत होतो. पेपर उलटा धरला होता असं ही म्हणते. काहीही!

फोन ठेवून ही म्हणाली की आता दोन शब्द बोला त्याच्याशी, चुकलं म्हणा, विषय संपेल. माझं काय चुकलं? गेल्या वर्षी तो पहिल्यांदा घरी आला तेव्हा मी साधा प्रश्न विचारला, की फ्रीज दुरुस्त करायला शिक्षण लागतं का हो. त्याने चहा अर्धा तसाच ठेवला. जानेवारीत दोघांनी रजिस्टर लग्न केलं, तेव्हा माझी पाठ धरली होती म्हणून जाता आलं नाही. पाठ हे मेडिकल कारण आहे.

तरी मोठेपणा आपण घ्यावा. तोडगा सापडलाय. न्हाव्याकडच्या मासिकात वाचलं: मिंट जुलेप. बर्बन, म्हणजे मक्याची अमेरिकन व्हिस्की. त्यात पुदिना, साखर, वर बर्फाचा बारीक चुरा. धातूच्या पेल्यात द्यायचं, म्हणजे गारव्याने पेल्याला बाहेरून पांढरी साय धरते. सासऱ्याने स्वतःच्या हाताने असा पेला पुढे केला की वेगळं बोलायची गरजच नाही. पान फाडून आणलं. न्हावी बघत होता.

मंगळवार, ७ मे

बर्बन आणली. स्टीलचे पेले घासून ठेवले. हिच्या बाल्कनीतल्या कुंडीतला पुदिना, चोवीस पानं.

मासिक म्हणतं, पानं हलक्या हाताने दाबा. हलका हात म्हणजे किती? एकतीस वर्षं वजनमापं तपासण्यात गेली, असली मोघम भाषा आपल्याकडे चालत नाही. लाटण्याने नीट ठेचली. चव कडूजहर. दातात हिरवं अडकलं.

तरी संपवलं. तपासणीचा नमुना टाकायचा नसतो.

बुधवार, ८ मे

साखर दारूत विरघळत नाही. पाक करायला घेतला. तेवढ्यात जुन्या ऑफिसातून ज्युनियरचा फोन. पेट्रोल पंपाचं माप कमी भरतंय, काय करू? सविस्तर मार्गदर्शन केलं. पाकाचा दगड झाला.

पातेलं बाल्कनीत, कुंडीमागे ठेवलंय. संध्याकाळी ही पातेलं शोधत होती. मीही शोधू लागलो.

गुरुवार, ९ मे. सकाळी ६.३०

बर्फ होत नाही! काल ट्रे ठेवला होता, सकाळी नुसतं गार पाणी. ही म्हणते फ्रीझर तीन आठवडे बंद आहे, तुम्हाला चारदा सांगितलं. मला एकदाच आठवतं.

मग म्हणते, जावयाला फोन करते, पाच मिनिटांत बघून जाईल. वा! मी इकडे मोठ्या मनाने पेला पुढे करणार आणि हा माझ्याच फ्रीझरमध्ये डोकं घालून उभा! शिवाय फोन मी करावा असं हिचं म्हणणं. काय म्हणून करायचा?

दुसरा मेकॅनिक बोलावू म्हटलं तर ही हसली. हसण्यासारखं काय होतं त्यात?

शुक्रवार, १० मे

पुदिना संपला. कुंडीत काड्या उरल्यात. हिला मी कीड पडली म्हणून सांगितलं. बाजारातून जुडी आणली.

पाक जमला, चौथ्या वेळी. साठ मिली बर्बन, पंधरा मिली पाक, एक थेंब इकडे तिकडे नाही. बर्फ सोडला तर तयारी शंभर टक्के.

पोरीचा परत फोन आला होता म्हणे. बाबा त्याच्याशी बोलतील ना, असं विचारत होती. मी हिला विचारलं, तू काय सांगितलंस? म्हणाली, मला काय माहीत, तुम्हालाच विचारायचं ना तिने.

मला का नाही विचारलं? मी घरातच होतो.

शनिवार, ११ मे. सकाळी ८.००

दाढी करताना आरशात बघून म्हणून पाहिलं. फक्त प्रॅक्टिस. "चुकलं" एवढाच शब्द. "चु" म्हणेपर्यंत ब्लेड लागलं. विषय बंद.

रविवार, १२ मे. सकाळी ९.४०

बर्फ मिळाला. मासळीवालीकडे. अख्खी लादी. खायचा बर्फ नाही हा, असं ती बजावत होती. मी म्हटलं, धुऊन घेईन. बर्फ धुऊन घेणारा माणूस आज पहिल्यांदा बघितला, असं तिने शेजारणीला मोठ्याने सांगितलं. अडाणी.

लादी गोणपाटात, गोणपाट बादलीत. हातोडी, टॉवेल, पेले, सगळं ओट्यावर. आज सगळं नीट होणार.

रविवार, दुपारी ३.२५

आले. बारा वाजून चार मिनिटांनी. पोरगी बारीक झालीये. विचारणार होतो, पण म्हटलं आधी पेला.

जावयाने हात पुढे केला. माझ्या हाताला पुदिना लागला होता. बसा, आलोच, म्हणून स्वयंपाकघरात आलो. दार लोटून घेतलं.

लादी टॉवेलात बांधून फोडायला घेतली. पहिला चुरा जाड. दुसरा बारीक, पण मासळीचा वास. धुतला, तर नळाखाली वाहून गेला. तिसरा घेतला.

पावणेएकला जावई दाराशी आला. बाबा, मी फोडून देऊ का, म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, नाहीतर राहू द्या बर्फ, बाहेर या, नुसते बसू. मी हातोडी मारत राहिलो.  तिसरा चुरा अजून जाडच होता.

सव्वा वाजता पोरगी आली. बाबा, आम्ही निघतो, म्हणाली. दार तिने उघडलं नाही. उघडलं असतं तर कदाचित.

एक वीसला पेला तयार झाला. बाहेरून पांढरी साय, अगदी मासिकातल्यासारखी. घेऊन बाहेर आलो. सोफ्यावर ही एकटीच बसली होती.

म्हणाली, दोघांनी हाक मारली हो तुम्हाला. मी सांगितलं, हातोडीच्या आवाजात ऐकूच आलं नाही.

ऐकू आलं होतं. दोन्ही वेळा.